वैशूस पत्र : साठ मिनिटं बडबडायचंच नाही

ठाणे,
२२ ऑगस्ट २०२१

प्रिय वैशू,

कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची सीएचबीची, म्हणजे तासांच्या हिशोबावरची, ऑर्डर मिळाली हे वाचून इतकं बरं वाटलं ना की मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि मग तुझा पुढचा मेसेज वाचला, "अगं पण मी एकदाही ऑनलाइन शिकवलेलं नाही, साठ मिनिटं त्या लॅपटॉपसमोर एकटीच काय बडबडू?" तर पहिलं उत्तर हेच की साठ मिनिटं बडबडायचंच नाही. बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला घेतलं तर संपेचना, म्हणून सरळ मेल लिहितेय. आज राखीपौर्णिमा, त्यात रविवार, नारळीभात खाऊन सगळे आडवे झालेत, म्हणजे तासभर तरी मला कोणी हाक मारणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा जिकडेतिकडे एकच झालं, टाइमटेबल होतं तसं उचललं आणि प्रत्येक तासाला मीटिंगची लिंक लावून टाकली. सकाळपासून ४८ मिनिटांचं एक, अशी चार चार लेक्चरं, सर-मॅडम बोलतायत, समोर सव्वाशे रंगीत गोल आणि त्यात इंग्रजी आद्याक्षरं. हजेरी एकदम फुल्ल. मध्येच कोणी विचारलं "आवाज येतोय ना?" की कुठून तरी एक "येस सर". आता बघ, वर्गात आपण बोलत असतो तेव्हा अर्धं काम पोरांचे चेहरे करत असतात, तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी दिसली की आपण तेच वाक्य न ठरवता दुसऱ्या शब्दांत सांगतो. ऑनलाइनमध्ये ते सगळं गेलं. त्यामुळे कोणाला काय कळलं हे आता मुद्दाम विचारून काढावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या बोलण्यातूनच कापायला लागतो, दुसरीकडून येणार कुठून?

आणि तुझ्यासमोर जी बॅच येणारे ना ती जरा वेगळी आहे. ह्यांची अकरावी शेवटी शेवटी लॉकडाऊनमध्ये अडकली, बारावी जवळजवळ सगळी मोबाइलवर झाली, बोर्डाची परीक्षा रद्द, दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० धरून ३ ऑगस्टला निकाल लागला, ९९.६३ टक्के! म्हणजे तीन तास बसून पेपर लिहायची सवयच गेलेली मुलं एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, येणार. त्यांना येत नाही असं नाही ग, पण काय येतं आणि काय नाही हे त्यांचं त्यांनाच माहीत नाही, मार्कांवरून तर अजिबातच नाही. त्यामुळे पहिले काही तास पोर्शनच्या मागे लागू नकोस. टक्केवारी, अपूर्णांक, ग्राफ वाचता येतो का, एवढं चाचपून बघ. एचओडी विचारतील पोर्शन कुठवर आला म्हणून, तेव्हा सांग चाललाय.

आता फोनचं. लॅपटॉप कोणाकडे आहे असं गृहीतच धरू नकोस. आमच्याकडची मुलं कळवा, दिवा, बदलापूर, पार शहापूरपासूनची, आणि बऱ्याच घरात एक फोन, त्यावर धाकट्या भावाची शाळा पण. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो आणि तासाभराचा व्हिडिओ कॉल अर्धा-एक जीबी सहज खातो, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या लेक्चरलाच पॅकचा बोऱ्या. तो मुलगा मग गायब होतो आणि आपण म्हणतो इंटरेस्ट नाही. माझ्याकडचा एक जण घोडबंदर रोडला पार्सलं पोचवायचा, वडिलांचं काम सुटलेलं, तो संध्याकाळी बाईक लावून वडापाव खाता खाता माझ्या व्हॉइस नोट ऐकायचा आणि रात्री अकराला शंका पाठवायचा, आणि त्याच्या शंका लेक्चरला बसलेल्यांपेक्षा नेटक्या असायच्या. त्याची हजेरी कशी लावायची ते मला कोणी सांगितलं नाही, मी लावली.

कॅमेरा चालू करा म्हणून दम देऊ नकोस, प्लीज. दहा बाय बाराच्या खोलीत मागे आजी झोपलेली, आई भाकऱ्या थापतेय, अशा घरातल्या मुलीनं कॅमेरा लावायचा कशाला? मी पहिल्या पाच मिनिटांत म्हणते, ज्यांना जमेल त्यांनी हात हलवा नि बंद करा. दोन-चार चेहरे दिसतात, पुरे.

शिकवायचं मी असं करते. जे नुसतं सांगण्यासारखं आहे, म्हणजे व्याख्या, सूत्र, एक सोडवलेलं उदाहरण, ते आदल्या दिवशी पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यात पाठवते. एडएक्स ह्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसवर २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितले गेले त्याचा डेटा, आणि निघालं काय तर सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं धड बघतात, पुढे लक्ष उडतं. आपल्याकडे तर डेटाचंही भान ठेवायचं, म्हणून मी बरेचदा व्हिडिओही करत नाही, कागदाचा फोटो आणि त्यावर बोललेली व्हॉइस नोट, दोन्ही मिळून एखाद-दोन एमबी. शहापूरच्या पलीकडच्या पाड्यावर रेंज येईल तेव्हा उतरतं.

लिहून दाखवायचं तेव्हा फळा कुठून आणायचा? पुण्याच्या एका बाईंचा फोटो आठवतो ना, कपड्याच्या हँगरला फोन टांगलेला? माझी सोय फ्रिजमधली आहे. आतला पारदर्शक ट्रे काढायचा, डाळ-तांदळाच्या दोन उंच डब्यांवर आडवा ठेवायचा, त्यावर फोन, मागचा कॅमेरा ट्रेमधून खाली कागदावर. ट्यूबलाइट मात्र डोक्यावरची बंद कर नाहीतर ट्रेवर पांढरा पट्टा पडतो आणि नेमका सिग्मा, ते बेरजेचं चिन्ह, त्याखाली जातो, खिडकीकडे कूस करून बस. कागद आडवा घे, बॉलपेन नको, जाड स्केचपेन, आणि एका पानावर चारच ओळी, कारण ते बघणार सहा इंचाच्या स्क्रीनवर. मिस्टर म्हणतात ट्रे परत दे, भाजी कुठे ठेवू. आता तो ट्रे माझाच झालाय.

आणि मग लाइव्ह लेक्चर कशाला, तर विचारायला. सुरुवातीलाच मागच्या तासावरचा एक प्रश्न, वही मिटून. वाचलेलं परत परत वाचण्यापेक्षा आठवून लिहून काढलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवरच ते दाखवलंय. नंतर एक प्रश्न चॅटमध्ये, पण उत्तर टाइप करून ठेवायचं, मी "पाठवा" म्हटल्यावरच सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर काय होतं, एक हुशार पोरगी टाकते आणि खाली सव्वाशे "सेम मॅम". गेल्या टर्मला विचारलेलं बघ, पाच मित्रांचा पॉकेटमनी २००, ३००, ३००, ४०० आणि पाचव्याचा ५०००, सरासरी किती? १२४० सगळ्यांनी काढलं. मग विचारलं, हे १२४० ह्यातल्या कोणाला मिळतात? चॅट एकदम थंड. मी गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं ग, स्क्रीनसमोर दहा सेकंद म्हणजे युग वाटतं, जीभ वळवळते. मेरी बड रो नावाच्या बाईंनी पन्नासेक वर्षांपूर्वी वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद जरी थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि बरी येतात. इथे तर टाइप पण करायचं असतं, पंधरा-वीस सेकंद दे, हवं तर चहाचा घोट घे. त्या दिवशी शेवटी एकानं टाकलं, "कोणालाच नाय मिळत मॅम, पाचव्याने सगळी वाट लावली." मीडियन, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शिकवायला ह्याहून चांगली सुरुवात मला तरी सुचली नसती.

वीजबिलाचा किस्सा तुला सांगितला नाही ना? तो तर तू तसाच उचल. गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये मीटरचं रीडिंग घ्यायला माणसं येत नव्हती, म्हणून मार्च ते मेची बिलं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर आली, आणि जूनमध्ये खरं रीडिंग घेतल्यावर राहिलेला फरक एकदम अंगावर आला, घराघरात बोंबाबोंब. मी तेच घेतलं. समजा थंडीतले युनिट ११०, १०५, ११५, सरासरी ११०, तीन महिन्यांचं बिल ३३० युनिटचं. आणि खरा वापर मार्चला १५०, एप्रिलला १९०, मेला २१५, म्हणजे ५५५. मग ह्यात गणित कुठे चुकलं? मुलं दहा मिनिटं भांडली. कोणी म्हणे सूत्र चुकीचं, कोणी म्हणे मुद्दाम केलं. मग एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, माइक चालू करून म्हणाली, "मॅम, गणित बरोबर आहे पण थंडीत पंखा कोण लावतं?" मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं पटकन माइक बंद केला. सॅम्पल कुठून घेतलं ह्यावर माझी जी बडबड ठरलेली होती ती करायची गरजच उरली नाही.

कोरोनाचे रोजचे आकडे मात्र मी उदाहरणाला घेत नाही. सात दिवसांची सरासरी शिकवायला ते आयते हातात आहेत हे कळतं, इतर कॉलेजातले घेतातही, पण एप्रिल-मेमध्ये माझ्याच वर्गातल्या कोणाकोणाच्या घरचं माणूस त्या आकड्यात गेलं. ते मला जमत नाही.

इंटर्नल मार्कांच्या असाइनमेंटलाही बिलच. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते घ्या, मीन म्हणजे सरासरी, मीडियन, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, काढा, कुठला महिना वेगळा आणि का ते चार ओळीत मराठीत, हिंदीत, कसंही लिहा. प्रत्येकाचा डेटा वेगळा, मग कॉपी करणार कशाची? ज्यांच्याकडे मालकाच्या मीटरवरून वायर आलीये त्यांना बिलच नसतं, ते आधी लक्षात घे, त्यांना फोनच्या सेटिंगमधला रोजचा डेटा वापर घ्यायला सांगायचा, एकाच्या आकडेवारीत सगळे शनिवार-रविवार आकाशाला भिडलेले, का ते मी विचारलं नाही. वर प्रत्येकाला दोन-तीन मिनिटांचा फोन, "हा मे एवढा का वाढला रे?" ज्यानं केलंय तो सांगतो, ज्यानं ताईकडून करून घेतलंय तो "मॅम नेटवर्क..." म्हणतो. सव्वाशे फोन करायचे म्हणजे घसा बसतो हे खरं, पण एमसीक्यूतून, म्हणजे नुसता पर्याय निवडायच्या प्रश्नांतून, हे कळतच नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फायनल इयरच्या परीक्षा एमसीक्यूने ऑनलाइन झाल्या तेव्हा ग्रुप्सवर काय काय चालायचं ते तुला वेगळं सांगायला नको.

हो, आणि ठरलेल्या मिनिटाला टेस्ट ठेवू नकोस. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याकडे बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाइट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या, विद्यापीठाला त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. तुमच्याकडे तर पावसात लाइट कशी जाते ते तूच मला सांगायचीस. टेस्ट चोवीस तास उघडी ठेव, ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा देईल.

तुझ्या तब्येतीचंही सांगते. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो ना तो लपवायचं बटण असतं, पहिल्याच दिवशी शोध. तासन्‌तास आपलंच थोबाड बघून माणूस जास्त दमतो हे स्टॅनफर्डच्या बेलेन्सन ह्यांनी यंदाच लिहिलंय, मला वाचायच्या आधीच पटलं होतं. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. अपवाद त्या घोडबंदरवाल्याचा, तो वेगळा पाठवतो.

सगळं जमतंय असं मात्र समजू नकोस. नवीन मुलांची आपापसात ओळखच होत नाही, वर्षभर एका वर्गात राहून एकमेकांना रोल नंबरनं हाक मारतात. चार-चारचे गट करून उदाहरणं सोडवायला दिली, काही गट जमले, काहींत तिघं गप्प आणि एकटीच राबतेय. ह्यावर माझ्याकडे उपाय नाही, कँटीनचं काम मीटिंगची लिंक कुठून करणार? पंधरा ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झालीये, पण आमच्या पोरांपैकी दोन डोस झालेत कोणाचे, त्यामुळे कॉलेज उघडलं तरी दिव्याचा मुलगा येणार कसा हा प्रश्न आहेच. तुमच्याकडे एसटी तरी आहे.

तुझी पहिली लिंक मला पाठव, खरंच. मी बसते शेवटच्या बाकावर, म्हणजे कॅमेरा-माइक बंद करून, कुठलंतरी खोटं नाव लावून. पहिल्या प्रश्नाला कोणीच काही टाकलं नाही तर मी टाकीन, आणि ठार चुकीचं टाकीन, म्हणजे बाकीच्यांना चान्स मिळेल. फक्त मला सगळ्यांसमोर झापू नकोस.

तुझी,
निमा