ग्लास लपवू नकोस

प्रिय दोस्ता,

तू सुचवलेली मालिका दोन रात्री जागून संपवली. 'तुला पटेल' म्हणाला होतास. नाही पटली.

नायक पितो तेव्हा मधासारखा उजेड, बर्फाची किणकिण, काचेवरून ओघळणारा थेंब. लेका, दारू सोडून सहा वर्षं झाली तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलं! आणि सोडतो कशी? खोलीला आतून कडी, घाम, उलट्या, एक गाणं. पुढच्या दृश्यात गडी दाढी करून बागेत पळतोय. रोज ढोसणाऱ्याने अशी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, उपचार नसतील तर माणूस दगावतोसुद्धा. मला डॉक्टरांनी वॉर्डात ठेवून घेतलं ते उगाच नाही.

सिनेमावाल्यांना दोनच शेवट ठाऊक. एक म्हणजे मरण. 'अ स्टार इज बॉर्न' 1937, 1954, 1976 आणि 2018 असा चारदा निघाला, चारही वेळा पिणारा नायक जातो. दुसरा म्हणजे चमत्कार. 'द लॉस्ट वीकएंड'मध्ये (1945) नायक शेवटी व्हिस्कीच्या ग्लासात सिगारेट टाकतो, की सुटला! ज्या कादंबरीवरून तो काढला, तिच्यात मात्र तो पुन्हा घोट घेऊन अंथरुणात शिरतो. तरी सिनेमा धीट होता. त्या काळी दारुडा म्हणजे पडद्यावर बहुतेक वेळा हसण्याचा विषय.

माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. आले ते संध्याकाळचे सात. रोज. पिताना तो वेळ कुठे जायचा कळायचं नाही, आता संपता संपेना. पहिल्या महिन्यात मी घरातले सगळे ड्रॉवर आवरले, मग पुन्हा उपसून पुन्हा आवरले. झोप नाही, गोड खायची हाव, आणि सगळं कसं फिकं फिकं. चौथ्या महिन्यात स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो. मालिकेत अशा वेळी वीज कडाडते. मी नुसता मोरीत उभा राहून तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाऊन सांगितलं. कोणी दचकलं नाही. एकाने खुर्ची पुढे सरकवली.

आनंदाचं म्हणशील तर एक चेक. आधी सही जुळत नाही म्हणून परत यायचे, हात थरथरायचा ना. सोडल्यावर सातव्या महिन्यात एक चेक मुकाट वटला. त्या सहीकडे मी किती वेळ बघत बसलो होतो! यावर कोण भाग काढणार?

हे सगळं का लिहितोय, तर तुझ्या वाढदिवसाला मी आत आलो आणि तू हातातला ग्लास पडद्यामागे सरकवलास. मी पाहिलं. बाटली दिसली की मी झडप घालेन असं तुला वाटलं. सिनेमात घालतात खरे. पुढच्या वेळी ग्लास हातातच असू दे. फक्त दुसरा भरायच्या आत मी चप्पल घालायला लागलो, तर 'बस रे अजून' म्हणू नकोस.

तुझाच,
सध्या ड्रॉवर न आवरणारा