विद्यार्थिनींना मनुष्यबळात धरू नका

१२ मेच्या परिचारिका दिनानिमित्त आपण प्रसिद्ध केलेला परिचारिकांच्या तुटवड्यावरील लेख वाचला आणि बी.एस्सी. नर्सिंगचे तिसरे वर्ष नुकतेच संपवलेली विद्यार्थिनी म्हणून तो मनापासून पटला. अध्यापन रुग्णालयांच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष असताना, मी पाहिलेल्या रात्रपाळीत एकाच सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असे आणि उरलेली कामे आम्हा विद्यार्थिनींवर येत. हे वर्ष धावपळीचे, तरीही अत्यंत समाधानाचे गेले. सलाईन लावणे, जखमेचे ड्रेसिंग, नव्या बाळंतिणीला स्तनपानासाठी मदत करणे हे सारे मला जमू लागले, ते कामाच्या रेट्यातही अनुभवी सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या म्हणून. शासनाने रिक्त पदे तातडीने भरावीत आणि ती मोजताना विद्यार्थिनींना मनुष्यबळात धरू नये.

– एक नर्सिंग विद्यार्थिनी, नाशिक