बादलीवर 'सिंथेटिक' आहे, पण तेल कशासाठी ते नाही: एक तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सिंथेटिक हायड्रॉलिक तेलाच्या (२० लिटर) लेबलवरील दिशाभूल करणाऱ्या मजकुरामुळे ट्रॅक्टरच्या ब्रेकचे नुकसान झाल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या सिंथेटिक हायड्रॉलिक तेलाच्या दोन बादल्या मी तालुक्याच्या दुकानातून घेतल्या. साध्या तेलाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले. बादलीवर ट्रॅक्टरचे आणि मोवरचे चित्र आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'सर्व ट्रॅक्टर व गवत कापणी यंत्रांसाठी' असे छापले आहे. त्यावर विसंबून मिस्त्रीने ते तेल ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे गिअर आणि ब्रेक असलेल्या ट्रान्समिशनच्या पेटीत भरले. नंतर थोड्याच दिवसांत ब्रेकवर पाय दिला की मागून कर्रर्र असा आवाज येऊ लागला आणि सीटखालून थरथर जाणवू लागली. बांधावरून उतरताना तर ट्रॅक्टर झटके खात थांबायचा. मागे मोवर अडकवलेला असताना हे किती धोक्याचे आहे, ते ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगायला नको.

आपले तेल बनावट किंवा हलके आहे, असे माझे म्हणणे नाही. हे आधीच लिहितो, कारण आपल्या प्रतिनिधीने फोनवर तेवढाच एक मुद्दा धरून ठेवला होता. माझ्या द्राक्षबागेत वेलीखालचे गवत कापायला हायड्रॉलिक मोटरवर चालणारा मोवर आहे. त्याला स्वतःची टाकी आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा पंप आहे, ट्रॅक्टरच्या तेलाशी त्याचा संबंध येत नाही. दुसऱ्या बादलीत उरलेले तेल त्या टाकीत टाकले, तिथे ते उत्तम चालले आहे. पूर्वी मे महिन्यात दुपार झाली की टाकी हात लावू देत नसे, तेल पातळ होऊन मोटर मंदावे आणि पाती गवत कापायचे सोडून नुसते झोपवत. आता संध्याकाळपर्यंत वेग तोच राहतो. आमच्या निफाडकडे थंडीही कडाक्याची पडते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. उन्हाळ्यात चाळिशी आणि हिवाळ्यात पहाटे गारठा अशा ठिकाणी, तापमान बदलले तरी दाटपणा फारसा न बदलणाऱ्या तेलाला जादा पैसे द्यायला माझी ना नाही.

मग तेच तेल ट्रॅक्टरमध्ये का बिघडले? कारण ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये एकच तेल सगळ्यांची चाकरी करते. अवजारे उचलणाऱ्या लिफ्टचा पंप तेच ओढतो, गिअर त्यातच फिरतात आणि तेलात बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटाही त्यातच असतात. पंपाला झीज रोखणारे तेल पुरते. गिअरच्या दातांवर दाब प्रचंड असतो, त्याला वेगळी रसायने लागतात. ब्रेकचे तर उलटेच असते: प्लेटा एकमेकींना धरताना निसटताही कामा नयेत आणि धर-सोड करत थरथरताही कामा नयेत, म्हणून तेलात घर्षण सांभाळणारे मिश्रण घालावे लागते. या तिन्ही कामांसाठी बनवलेल्या तेलाला बाजारात यूटीटीओ म्हणतात. आपल्या बादलीत आहे ते निव्वळ हायड्रॉलिक तेल, आयएसओ व्हीजी ४६. म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ४६ सेंटिस्टोक्सच्या आसपास. या आकड्यावरून ब्रेकबद्दल काहीच कळत नाही. शिवाय हा आकडाही बादलीच्या तळाशी, बॅच नंबरच्या शेजारी बारीक अक्षरांत आहे.

मिस्त्रीने तेल सोडले तेव्हा ते मधासारखे स्वच्छ होते. ट्रॅक्टर कंपनीने सांगितलेले तेल भरून पाहिले, आवाज कमी झाला पण गेला नाही. शेवटी ब्रेकचे हाउसिंग खोलले. प्लेटांच्या अस्तरावर काचेसारखी चकाकी आली होती आणि बोट फिरवले तर खरखर लागत नव्हती. प्लेटा बदलाव्या लागल्या आणि ऐन फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला. फवारणीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर आणावा लागला, त्याची पावती जोडली आहे.

आपल्या ग्राहक सेवेला मी एकच प्रश्न विचारला होता: हे तेल कोणत्या ट्रॅक्टर कंपनीच्या मानकात बसते? जॉन डीअरचे जे-२०सी, मॅसी फर्ग्युसनचे एम-११४५ अशी मानके असतात आणि चांगल्या यूटीटीओच्या डब्यावर ती सरळ छापलेली असतात. उत्तर आले, "सर, सिंथेटिक आहे, सगळ्यात चालतं." पुढे व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक आले. त्यात व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमानाने दाटपणा किती बदलतो ते) आहे, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) आहे, फेस धरण्याची चाचणी आहे. तेलात बुडालेल्या ब्रेकबद्दल किंवा गिअरबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे हे तेल कशासाठी बनवले आहे ते आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे. बादलीवरचा मजकूर ज्यांनी लिहिला, त्यांनी बहुधा ते पत्रक उघडूनही पाहिले नसावे.

'सिंथेटिक' शब्दाबद्दलही थोडे. मूळ तेल पीएओ (रासायनिक क्रियेने तयार केलेले तेल) आहे की खनिज तेल हायड्रोक्रॅक करून शुद्ध केलेले ग्रुप तीनचे, हेही मी विचारले होते. अमेरिकेत १९९९ साली जाहिरातींच्या तंट्यात ग्रुप तीनच्या तेलाला सिंथेटिक म्हणायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विचारणाऱ्याला खरे सांगायला काय हरकत होती? पीएओ असले तरी घर्षणाचे मिश्रण त्यात आपोआप येत नाही.

माझ्या मागण्या अशा. ट्रॅक्टरमध्ये गेलेल्या तेलाची किंमत, नव्या तेलाची व प्लेटांची किंमत, मिस्त्रीची मजुरी आणि भाडे मिळून जी रक्कम सोबतच्या बिलांवर आहे, ती द्यावी. मोवरच्या टाकीत गेलेल्या तेलाचे पैसे मी मागत नाही. दुसरे म्हणजे लेबलवरून 'सर्व ट्रॅक्टर' हे शब्द काढून 'तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमध्ये वापरू नये' असे मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे. नवी छपाई होईपर्यंत दुकानांतल्या बादल्यांवर तशी पट्टी चिकटवावी. आमच्या भागात याच बादल्या अजून विकल्या जात आहेत.

ट्रॅक्टर धंद्यासाठी आहे म्हणून मी ग्राहक नाही, असेही मला सुचवण्यात आले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सोडलेले तेल सीलबंद कॅनमध्ये आणि जुन्या प्लेटा पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. आपला माणूस येणार असेल तर दोन दिवस आधी कळवावे. या वेळी तपासणीची उपकरणे सोबत आणावीत, मागच्या वेळी बोटावर थेंब चोळून "एक नंबर आहे" एवढाच निकाल मिळाला होता.

कळावे,

आपला ग्राहक,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक

सोबत: तेल, सुटे भाग, मजुरी व भाडे यांची बिले, बादलीच्या लेबलचे चारही बाजूंचे फोटो, आपण पाठवलेल्या माहितीपत्रकाची प्रत.