बाबा, गोळ्यांच्या भरवशावर राहू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. बाबा, हल्ली खुर्चीतून उठताना तुम्हाला दोन्ही हात टेकावे लागतात, आधी पुढे झुकता, एक झोका घेता आणि मग उठता. तुम्ही म्हणता वय झालं, चालायचंच. मला नाही पटत, मला वाटतं यामागे स्नायूंची झीज आहे.

स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, तिथे ऑक्सिजन वापरून एनर्जी तयार होते आणि ती होताना थोडे इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला चिकटतात, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे कण, बनतात. तरुणपणी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. वय वाढलं, त्यात हालचाल कमी झाली, की ते मायटोकॉन्ड्रियालाच इजा करायला लागतात, मग बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया आणखी रॅडिकल्स सोडतात आणि स्नायू झिजत जातात. झीज व्हायला बाकीही कारणं आहेत, पण हे त्यातलं महत्त्वाचं.

मग अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे या रॅडिकल्सना निकामी करणाऱ्या, गोळ्या घेतोय ते बरोबरच की, असं म्हणाल. तसं नाहीये ना! 2009 साली जर्मनीतला एक अभ्यास आला, त्यात तरुणांना 4 आठवडे व्यायामासोबत रोज 1000 मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत व्हिटॅमिन ई दिलं, तर व्यायामाने शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढतात ती वाढलीच नाहीत, कारण व्यायामात होणारा थोडासा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे या रॅडिकल्सचा ताण, हाच स्नायूंना नवे मायटोकॉन्ड्रिया बनवायचा, जुने खराब काढून टाकायचा इशारा असतो आणि गोळ्यांनी तोच दबतो.

आणि आता या वयात काय व्यायाम, हे तर अजिबात म्हणू नका. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वर्षांच्या लोकांकडून 8 आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, त्यांच्या पायांची ताकद दुपटीच्या वर गेली! तुम्ही दोघं तर अजून कितीतरी लहान आहात.

चालणं सोडू नका, पण नुसतं चालून भागणार नाही, ताकदीचा व्यायाम हवाच. सुरुवातीला हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, जमेल तेवढ्याच, खुर्ची भिंतीला लावून. आई, तू पण कर गं, आणि जेवणात प्रोटीन बघ. फक्त आधी डॉक्टरांना बाबांचं बीपी आणि दोघांचे किडनीचे रिपोर्ट दाखवा, गोळ्यांचंही त्यांनाच विचारा आणि काय म्हणाले ते मला लगेच कळवा.

तुमची लेक