कपडेपटातल्या काकांना

ती. काकांना सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणून मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता ठेवता येणार नाही.

स्त्रीपार्टी नटांवर, म्हणजे नाटकात बाईची कामं करणाऱ्या पुरुषांवर, एकपात्री करायचं ठरवलं तेव्हा वाचन भरपूर झालं होतं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. १९११ची ‘मानापमान’मधली भामिनी, १९१६ची ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, सगळं तोंडपाठ होतं. चांगल्या घरच्या बायका बालगंधर्वांचं बघून नेसायला-माळायला लागल्या, हेही. पण नऊ वार अंगावर घेऊन उभं कसं राहायचं, हे कुठल्याच चरित्रात सापडलं नाही.

ते तुम्ही दाखवलंत. “खांदे पाड आधी. कंबर हलवू नकोस, ती तिची हलते. पाऊल लहान टाक, बाकीचं लुगडं बघून घेतं.” मी बाई ‘दाखवायला’ गेलो की तुम्ही नुसते चुकचुकायचात. निऱ्या घालताना दुसरा माणूस लागत होता. माझा जोडीदार कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. मी ‘मित्र’ म्हणून त्याची ओळख करून दिली होती. तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलंत. “अहो, नुसते बसताय काय? इकडे या, निऱ्या धरा. घरी नेसवायला तुम्हीच लागणार आहात.” त्याचे कान लाल झाले. एवढ्यावर तो विषय संपला, आणि पुढच्या तालमीपासून तुम्ही त्याचाही चहा सांगायला लागलात.

माझ्या पहिल्या खर्ड्यात बालगंधर्व ‘आपल्यातले’, म्हणजे क्वीअर, होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “त्यांना तुझं सर्टिफिकेट कशाला? त्यांच्या नावाचं थेटर आहे पुण्यात. तमाशातल्या नाच्याचं काय झालं, ते लिही.” त्या रात्री अर्धी संहिता फेकून दिली.

कारण तुमचं खरंच होतं. विष्णुपंत पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करायचे आणि १९३६ साली प्रभातच्या चित्रपटात तुकाराम झाले, तर लोकांनी त्यांना हात जोडले. इकडे गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हावभाव करणारा पुरुष, असा रंगवला की लोकांनी भूमिका आणि माणूस एकच धरला. बायकापोरांच्या संसारी माणसाला आयुष्यभर टोमणे खावे लागले. पुरुषाच्या अंगावर बाईपण दोन्हीकडे होतं. एकीकडे शालू, अत्तर आणि नाट्यसंगीत, दुसरीकडे कनातीतली शिट्टी. शालू कोणत्या जातीच्या, कोणत्या थराच्या प्रेक्षकासमोर नेसला, यावर तो कला ठरायचा की चाळा. आमच्या क्वीअर मंडळींतही बालगंधर्वांचे फोटो भिंतीवर असतात, नाच्याचा क्वचितच. मला तरी हे खटकतं, आणि प्रयोगात मी ते आता तोंडावर बोलतो. काहींना आवडत नाही. नसू दे.

एका संस्थेनं विषय कळल्यावर दिलेली तारीख मागे घेतली, तेव्हा मी निकालाची कात्रणं काढून बसलो होतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा काच काढला असला तरी हॉल शेवटी ओळखीनंच मिळतो. तुम्ही एक फोन केलात. पलीकडच्या माणसाला विषय सांगितलात तोही सरळ: “बायकी कामं करणाऱ्या पुरुषांचं आहे. चांगलं आहे. तारीख दे.”

आता थोडं कामाचं. पुढच्या प्रयोगात ‘एकच प्याला’तली सिंधू दळायला बसते, तिथवर जायचंय. एवढे भरजरी शालू नेसणाऱ्या बालगंधर्वांनी १९१९ साली ते दारिद्र्य अंगावर कसं घेतलं असेल, हे मला करून बघायचंय. साधं सुती लुगडं मिळालंय, दोनदा धुऊन मऊ केलंय. ठिगळं कुठं लावायची ते तुम्ही सांगा. मी लावली की ती हौसेनं लावल्यासारखी दिसतात. आणि जात्याशी बसल्यावर काष्टा सुटतो, त्याचंही काहीतरी बघा. रविवारी चारला हा तुम्हाला न्यायला येईल. टोप त्याच्याकडेच द्या, बसच्या गर्दीत दबतो.

तुमचा,
स्त्रीपार्टी