शाळांच्या संगणक निविदा : दर उघडण्याआधीच लागणारा निकाल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांसाठी संगणक, यूपीएस, प्रिंटर, इंटरॅक्टिव्ह पॅनेल पुरवण्याच्या निविदा सूचना डिसेंबर सरत आला की दिसू लागतात आणि फेब्रुवारीत त्यांचा पूर येतो. चर्चा होते ती दराचीच. बाजारात इतक्याला मिळतो, मग इतक्याला कसा घेतला? प्रश्न रास्त आहे. पण दराचा, म्हणजे आर्थिक, लिफाफा उघडेपर्यंत बरेच काही ठरून गेलेले असते. शाळेत नेमके काय येणार, ते चालणार की कपाटात पडणार, बिघडले तर कोण येणार, हे सारे निविदेच्या कागदपत्रांत लिहिलेले असते किंवा लिहायचे राहून गेलेले असते. त्या कागदपत्रांकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून हे पत्र.

'आय-थ्री किंवा त्याहून सरस प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क.' अशी एका ओळीची मागणी अजूनही निविदांत सापडते. या ओळीत २०१३ साली आलेला चौथ्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा चपखल बसतो. एखाद्या कंपनीने मोडीत काढलेल्या मशीनचा बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये घालून दिला तरी कागदावर तो पात्र. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे असा संगणक शाळेत पोहोचतो तोच म्हातारा होऊन.

मुळात 'आय-थ्री' हे एका कंपनीचे व्यापारी नाव. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १४४ सांगतो की मागणीत विशिष्ट ब्रँड घालू नये. किमान किती कोअर, प्रोसेसर कोणत्या वर्षानंतर बाजारात आलेला, एखाद्या सर्वमान्य बेंचमार्कवर किमान किती गुण, असे लिहिता येते. रॅम ८ जीबीची एकच पट्टी हवी आणि एक स्लॉट मोकळा हवा, हेही लिहावे लागते. नाही तर ४-४ च्या दोन पट्ट्या येतात आणि पुढे रॅम वाढवायची झाली की त्यातली एक तरी काढून टाकावी लागते. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कऐवजी २५६ जीबी एसएसडी शाळेला पुरते, आणि बाके सरकवताना बसणाऱ्या धक्क्यांनी ती बिघडत नाही. कीबोर्डवर देवनागरी इनस्क्रिप्ट मांडणीची अक्षरे छापलेली हवीत, ही अट फुकटात पडते, तरी ती क्वचितच दिसते.

उलट टोकाचा दोष जास्त धोक्याचा. कॅबिनेटचे आकारमान अमुक लिटर, वजन अमुक किलो, पुढच्या बाजूला नेमके इतकेच पोर्ट, असा तपशील दिसला की तो एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचललेला असतो. असा तपशील एकाच मॉडेलला बसतो. यावर साधा उपाय आहे : तांत्रिक मंजुरीच्या टिपणीला एक तक्ता जोडायचा आणि मागणी किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या कोणत्या मॉडेलना बसते ते त्यात दाखवायचे. तक्ता भरता आला नाही, तर मागणी पुन्हा लिहायची. संगणकाच्या निविदेतच बाके, सीसीटीव्ही आणि खोलीचे रंगकाम एकत्र बांधून वर मोठ्या उलाढालीची अट घातली, तरी परिणाम तोच होतो. जिल्ह्यातले चांगले सेवा देणारे विक्रेते बाहेर, आणि ज्याचे जिल्ह्यात दुकानही नाही असा ठेकेदार आत.

मुदतीचेही तसेच. सामान्य वित्तीय नियमांनुसार निविदा भरायला सर्वसाधारणपणे किमान तीन आठवडे द्यायला हवेत. मार्चअखेरीच्या घाईत सात दिवसांची अल्पमुदतीची सूचना निघते. या सात दिवसांत उत्पादकाचे अधिकारपत्र, स्थानिक मूल्यवर्धनाचे प्रमाणपत्र, भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतील पुरवठादारांबाबतचे २०२० च्या आदेशाखालचे प्रतिज्ञापत्र, बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचे कागद आणि बयाणा रक्कम जमवणे ज्याला आधीपासून खबर आहे त्यालाच जमते. निविदापूर्व बैठक अशा वेळी एक तर होत नाही किंवा नावापुरती होते. खरे तर पुरवठादारांच्या शंका आणि त्यावरचे शुद्धिपत्रक हाच निविदेचा सर्वांत वाचनीय भाग असतो. कोणी काय विचारले आणि कार्यालयाने काय नाकारले, यावरून खरेदीची दिशा कळते.

आता विजेकडे वळतो, कारण प्रयोगशाळा बंद पडण्याचे कारण संगणकापेक्षा तिथेच अधिक वेळा सापडते. मॉनिटरसह एक डेस्कटॉप वापरात असताना साधारण ८० ते १०० वॅट खातो. दहा संगणकांचे झाले ९०० वॅटच्या आसपास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण इतक्या जोराने उपसली तर निम्मीच हाताला लागते. म्हणजे वीज गेल्यावर तासभर तरी वर्ग चालेल याचीही खात्री नाही, आणि एका बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर सहसा एवढा भार उचलतच नाही. तेच छोटे मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर घेतले तर एका जागेला ५० वॅटच्या आत भागते आणि त्याच बॅटरीवर पावणेदोन तास निघू शकतात. जिथे भारनियमन आहे तिथे ही आकडेमोड निविदेच्या आधी व्हायला हवी. होते काय, की सगळ्या जिल्ह्यासाठी एकच मागणी छापली जाते.

प्रत्येक संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस दिला जातो, त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असते. तिचे काम एवढेच की दहा-पंधरा मिनिटांत फाईल साठवून संगणक नीट बंद करता यावा. त्यावर लेझर प्रिंटर लावायचा नाही. तो तापताना एकदम इतका भार ओढतो की यूपीएस ट्रिप होतो. ही बॅटरी शिसे-आम्लाची. ती चार-सहा महिने चार्ज न करता खोक्यात ठेवली की पट्ट्यांवर सल्फेट साचते आणि पुढे ती भार धरत नाही. मार्चमध्ये घाईने माल आला, एप्रिल परीक्षांत गेला, मे सुट्टीत आणि खोकी जुलैत फोडली, असे झाले की पहिल्याच दिवशी निम्मे यूपीएस शिट्टी मारतात. मग वॉरंटीचा कागद काढला जातो आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते : 'बॅटरी वगळून'. म्हणून दोन वाक्ये निविदेत हवीतच. बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना पुरवठ्याच्या आधी तीन महिन्यांपेक्षा जुना नसावा. आणि बॅटरीची वॉरंटी वेगळी, लेखी, किमान दोन वर्षे असावी. तिसरे काम शाळेचे : सुट्टीत दर पंधरा दिवसांनी कोणी तरी जाऊन यूपीएस सात-आठ तास चालू ठेवायचे.

खोलीचे काम कुणाच्याच रकान्यात नसते. दहा यूपीएससाठी दहा, शिवाय नेटवर्क स्विच, राउटर आणि प्रिंटर, म्हणजे किमान तेरा सॉकेट लागतात. वर्गखोलीत असतात दोन. अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मल्टिमीटरने मोजला आणि तो ३ व्होल्टच्या वर निघाला, तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग संगणक. स्वतंत्र एमसीबी, कॅट-६ केबल केसिंग-कॅपिंगमधून (उंदीर लॅनची केबल फार आवडीने खातात), दहा संगणकांना ८ पोर्टचा नव्हे तर १६ पोर्टचा स्विच. हे सगळे एका शाळेच्या खर्चात लहान बाब आहे. पण निविदेत नसेल तर ते मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडते आणि सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, पैशांत बसत नाही.

माल कुठे उतरवायचा, हा पुढचा कच्चा दुवा. खरेदी जेमवर (केंद्राचे ऑनलाइन खरेदी संकेतस्थळ) होवो वा महाटेंडर्सवर (राज्याचे निविदा संकेतस्थळ), मालाचा स्वीकार करणारा म्हणून गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचे किंवा गटसाधन केंद्राचे नाव घातले की दर जरा कमी दिसतो आणि सगळे खूश होतात. मग निरोप येतो : 'आपापले संगणक घेऊन जा.' धडगाव-अक्कलकुव्याचा किंवा भामरागडचा मुख्याध्यापक टेम्पो कशातून करणार? वाटेत मॉनिटर फुटला तर पुरवठादार म्हणतो, मी सुस्थितीत दिला. जेमवर माल मिळाल्यापासून दहा दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचे असते आणि त्यावर देयक निघते. तालुक्याला खोकी मोजून ते प्रमाणपत्र दिले, तर शाळेत उभारणी होण्याआधीच पुरवठादाराचे पैसे मोकळे. पुढे त्याला त्या गावाला जायचे काय कारण उरते?

म्हणून पोहोच पत्ता शाळेचाच, यू-डायस क्रमांकासह (शाळेचा सरकारी सांकेतिक क्रमांक). यादी निविदेला जोडलेली. तिच्यात प्रत्येक शाळेचे तालुक्यापासूनचे अंतर दिले तर पुरवठादार वाहतुकीचा खरा हिशोब करून दर भरतो. देयकाचे टप्पे अटींतच : एक भाग पोहोचल्यावर, एक उभारणी अहवालावर, उरलेला त्यानंतर काही महिन्यांनी. उभारणी अहवाल एका पानाचा पुरतो. प्रत्येक सीपीयू, मॉनिटर, यूपीएसचा अनुक्रमांक, बॅटरीचा महिना, संगणक सुरू करून पाहिलेली रॅम आणि एसएसडी, काढलेली एक चाचणी प्रत, मुख्याध्यापकाची सही आणि तारीख. अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते तिथेच दिसते. पुष्कळदा ती उत्पादकाने वितरकाला बिल केले त्या दिवसापासून धावू लागलेली असते आणि शाळेच्या वाट्याचे चार-पाच महिने आधीच गेलेले असतात. 'वॉरंटी उभारणीच्या दिनांकापासून' हे शब्द त्यासाठी लागतात.

सुरक्षा ठेवीबद्दल तर कमालीची ढिलाई आहे. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १७१ प्रमाणे ही ठेव वॉरंटीसह सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर आणखी ६० दिवस वैध राहायला हवी. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची आणि बँक हमी एका वर्षाची, असे कागद सर्रास दिसतात. दुसऱ्या वर्षी तक्रार केली की हातात वटवायला काही नसते. उशिरा पुरवठ्याला आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के असा दंड जेमच्या अटींत असतो. तो पुरवठ्यापुरता आहे. दुरुस्तीला झालेल्या उशिरासाठी वेगळा दैनिक दंड आपण लिहावा लागतो. ऑनसाइट सेवा, कामाच्या दोन दिवसांत माणूस, पाच दिवसांत दुरुस्ती किंवा बदली यंत्र, आणि प्रत्येक सीपीयूवर तक्रार क्रमांक व वॉरंटी संपण्याची तारीख लिहिलेला स्टिकर.

खरेदीबरोबर चालवण्याचा खर्चही धरायचा, यात नवे काही नाही. आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेत 'बूट' म्हणजे बांधा-मालकी ठेवा-चालवा-हस्तांतरित करा या पद्धतीने ठेकेदाराने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे निदेशकासह चालवायची आणि मग शाळेला सोपवायची, असे होते. पाच वर्षांनी निदेशक गेला आणि हातात पाच वर्षे वापरलेली यंत्रे राहिली. तरीही त्यात निदान चालवण्याचा खर्च धरलेला होता. समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेतही नव्या आयसीटी प्रयोगशाळेला ६.४० लाखांपर्यंत एकवेळचा आणि वर्षाला २.४० लाखांपर्यंत आवर्ती निधी, तोही पाच वर्षे, असा विचार आहे. हे गुणोत्तर पाहा : पाच वर्षांत चालवण्याचा खर्च खरेदीच्या जवळपास दुप्पट. याउलट जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, सेस किंवा ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशांतून होणाऱ्या खरेदीत सहसा पहिलाच, म्हणजे एकवेळच्या खरेदीचा, आकडा असतो.

इंटरॅक्टिव्ह पॅनेलसोबत 'अभ्यासक्रमाचे डिजिटल कंटेंट' म्हणून वेगळी रक्कम लावली जाते. दीक्षा हे सरकारी शैक्षणिक संकेतस्थळ आणि बालभारतीची ई-पुस्तके मोफत असताना त्यापलीकडे काय मिळणार, ते मराठीतून आहे का, परवाना किती वर्षांचा, हे विचारल्याखेरीज तो पैसा देऊ नये.

जुन्या यंत्रांचा प्रश्न डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) अडकलेला आहे. निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून वगळण्याचा, प्रस्ताव पाठवायचा तर चौकशी मागे लागेल या भीतीने मुख्याध्यापक बंद मॉनिटरही सांभाळून ठेवतात, आणि नवे मशीन ठेवायला जागा उरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ही यंत्रे भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जायला हवीत. नव्या निविदेतच जुन्या यंत्रांच्या परतखरेदीची बाब घातली आणि जिल्हास्तरावर एकत्रित निर्लेखन केले, तर दोन्ही कामे एका आदेशात होतात.

यंदाच्या खरेदीसाठी जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना एकच विनंती. तांत्रिक मागणीचा मसुदा, शाळांची पोहोच यादी आणि उभारणी अहवालाचा नमुना निविदा निघण्याआधी पंधरा दिवस संकेतस्थळावर टाकावा, आणि पुरवठा आदेशाची प्रत प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला द्यावी. आदेशात बॅटरीची वॉरंटी दोन वर्षे लिहिली आहे हे समितीला माहीत असेल, तर 'बॅटरी वगळून' म्हणणाऱ्याला ती तो कागद दाखवू शकेल.

आपला,
शालेय खरेदीच्या निविदा तपासणारा एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)