पोळ्या विकत आणायची लाज कसली?

मा. संपादक,
नमस्कार. तुमच्या पुरवणीत मागे नोकरी करणाऱ्या बायकांनी सकाळचा वेळ कसा वाचवावा यावर मोठा लेख आला होता. लसूण सोलून ठेवा, खोबरं खवून फ्रीझरला टाका, रविवारी बसून आठवड्याच्या भाज्या चिरा, कणिक रात्रीच मळा. चूक काहीच नाही त्यात, पण हे सगळं मुंबईतल्या बायका कधीपासून करतायत हो, लसूण तर विरार लोकलमध्ये सोलून होतो आणि गवार निवडायला शेजारी बसलेलीसुद्धा हात लावते. आणि रविवार हा एकच दिवस हातात असतो, तोही चिरण्यातच घालवायचा तर वेळ वाचवला कोणासाठी?

खरा वेळ खातात त्या पोळ्या. चार माणसांचं घर, त्यात सकाळचे डबे, म्हणजे दहा-बारा पोळ्या आल्याच. कणिक मळा, मुरायला ठेवा, मग लाटायला घ्या, त्यात आमच्याकडे घडीचीच पोळी लागते, फुलके चालत नाहीत, म्हणजे तेल लावा, घडी घाला, परत लाटा आणि तव्यासमोरून जरा हललं की करपली. वर ओट्यावर सांडलेलं पीठ आणि पोळपाट-लाटणं आवरायचं ते वेगळंच, सगळं धरून पाऊण तास सहज जातो. भाजी झाकण ठेवलं की शिजते, कुकर आपला शिट्ट्या देत बसतो, पोळीला मात्र माणूस उभं लागतं. रात्री मळलेली कणिक फ्रीजमध्ये काळपट पडते आणि सकाळी तशीच गार लाटली की पोळ्या वातड होतात. रोटीमेकरबद्दल तर बोलायलाच नको, आमचा माळ्यावर आहे, कोणाला हवा असेल तर घेऊन जा.

म्हणून आम्ही सरळ सोमवार ते शनिवार पोळ्या विकत आणतो. आमचे हे सकाळी दूध आणायला जातातच, येताना पोळीभाजी केंद्रातून दहा पोळ्या घेऊन येतात. स्वतःचा डबा न्यायचा, आत सुती फडकं घालायचं आणि वाफ जिरेपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर खालच्या पोळ्यांना पाणी सुटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पोळ्या कृपया घेऊ नका.

हे बिल्डिंगमध्ये कळलं तेव्हा एक काकू म्हणाल्याच, घरात बाई असताना बाहेरच्या पोळ्या? काकू स्वतः इडलीचं पीठ तयार आणतात, लोणचं, पापड, दिवाळीच्या चकल्या सगळं बाहेरचं, तिथे काही नाही, पण पोळी म्हटली की घराण्याची अब्रू जाते. अहो ज्या लालबाग-परळमध्ये आपण राहतो तिथे गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून एकटे आलेले हजारो कामगार खानावळीतच जेवत होते, चाळीतल्या बायका त्यांचा स्वयंपाक करायच्या आणि त्यावर स्वतःचं घर चालवायच्या. त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मग आता विकतची पोळी एकदम परकी कशी झाली?

2024 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेप्रमाणे स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. यातली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं नुसत्या पोळ्या बाहेर दिल्या की कमी होतात, लसूण सोलून किती होणार? अर्थात ज्या घरात नवरा किंवा मुलगा पोळ्या लाटतो त्यांनी हे पत्र सोडून द्यावं, त्यांचं बरं चाललंय.

खर्च आहे, नाही म्हणत नाही. आमच्याकडे पोळी दहा रुपयाला, म्हणजे महिन्याचे अडीच हजार होतात आणि सगळ्यांना ते झेपणार नाही. नाहीच जमलं तर फक्त डब्यापुरत्या आणा आणि रात्री भात लावा. (डाळ आधी भिजवा आणि चिंच-टोमॅटो ती शिजल्यावरच घाला, आंबटात डाळ लवकर शिजत नाही. ही टीप लेखात हवी होती.) सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून चपाती, रोटी, पराठ्यावरचा जीएसटी शून्य केलाय, आमच्या पोळीवाल्या ताईंना त्याने काय फरक पडणार म्हणा, त्या कधी जीएसटीत नव्हत्याच.

त्यांना खरी अडचण जागेची आहे. स्टेशनजवळ गाळ्याचं भाडं परवडत नाही, म्हणून केंद्र आतल्या गल्लीत आणि संध्याकाळी दमून उतरलेली बाई तिथपर्यंत जात नाही. रेल्वेची 2022 पासून 'एक स्थानक, एक उत्पादन' योजना आहे, तिच्यात स्थानिक बचत गटांना स्टेशनवर स्टॉल मिळतो. मग दादर, परळ, घाटकोपर, बोरिवली अशा स्टेशनांवर एक स्टॉल पोळ्यांचा का नको? संध्याकाळी सहा ते नऊ दिला तरी पुरे, गरम तवा तिथे नको, पोळ्या घरून करून आणतील. तुमच्या पेपरने हा विषय रेल्वेकडे लावून धरावा एवढीच विनंती, आणि पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वर 'गृहिणींसाठी' लिहू नका, आमच्या घरात तो यांनीही वाचला असता.

– एक वाचक, लालबाग, मुंबई